जकार्ताच्या होस्टेलमधली घाई

मागच्या वर्षी १५ ऑगस्टला होस्टेलसमोरचं झेंडावंदन आटोपून आपण सगळे मेसमध्ये चहा-जिलेबीवर होतो. तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने मला विचारलं, "सर, जपानने शरणागती पत्करली तीही १५ ऑगस्टलाच ना? मग जपानच्या ताब्यात जे देश होते, ते त्या दिवशी आपोआप स्वतंत्र झाले का?" तोंडात जिलेबी असल्याचा फायदा घेऊन मी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, हे माझं मलाच माहीत नव्हतं.

मग दिवाळीच्या सुट्टीत मिळतील ती पुस्तकं घेऊन बसलो. कोरिया, ब्रह्मदेश, व्हिएतनाम, प्रत्येकाची गोष्ट वेगळी. मी शेवटी इंडोनेशियावर थांबलो. एक तर या गोष्टीचा नायक आपल्याच ब्रँचचा, म्हणजे सिव्हिल इंजिनिअर आहे. दुसरं म्हणजे ऐन मोक्याच्या वेळी गोष्ट पुढे ढकलली ती होस्टेलवर राहणाऱ्या पोरांनी. एका रेक्टरने हे छापून सांगावं की नाही, असा प्रश्न मला पडला होता. पण इतिहास आहे, त्याला इलाज नाही. तिसरं कारण घरचं आहे, ते ओघात येईलच.

आधी थोडी पार्श्वभूमी. आज ज्याला इंडोनेशिया म्हणतात ती हजारो बेटं तेव्हा 'डच ईस्ट इंडीज' होती. डचांचा तिथला वावर सतराव्या शतकापासूनचा. जपानला हवं होतं तेल, आणि ते सुमात्रातल्या पालेमबांगला आणि बोर्निओतल्या बालिकपापनला होतं. १९४२ च्या सुरुवातीला जपानी फौजा उतरल्या आणि ८ मार्चला जावामधल्या कालिजाती इथे डचांनी शरणागती पत्करली. तीनशे वर्षांचे मालक काही आठवड्यांत गेले! लोकांनी रस्त्यावर येऊन जपान्यांचं स्वागत केलं, आणि ते समजण्यासारखं आहे. आशियातल्या एका देशाने गोऱ्यांना पळवून लावलं होतं.

हा आनंद फार टिकला नाही. भाताची सक्तीची वसुली सुरू झाली. कापड मिळेना, तेव्हा माणसं गोणपाटाचे कपडे घालू लागली. आणि 'रोमुशा' सुरू झालं. हा जपानी शब्द आहे, अर्थ नुसता 'मजूर', पण इंडोनेशियात आजही तो शिवीसारखा उच्चारतात. विमानतळ, रेल्वे, खंदक, खाणी यांच्या कामाला गावोगावची माणसं उचलून नेली. जावाबाहेर पाठवलेल्यांचा आकडा सुमारे २ लाख ७० हजार सांगतात आणि त्यातले परत आले जेमतेम ५२ हजार. सिव्हिलच्या मुलांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आपण बांधकामाच्या अंदाजपत्रकात मजुरी हा एक रकाना धरतो. इथे तो रकाना माणसांनीच भरला होता.

आता आपला सिव्हिल इंजिनिअर. सुकार्नो. जन्म १९०१. बांडुंगला डचांनी १९२० मध्ये तांत्रिक महाविद्यालय काढलं (आजचं बांडुंग इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी), तिथून ते १९२६ साली पदवी घेऊन बाहेर पडले. नाव आपल्या कानाला ओळखीचं वाटतं, कारण ते आहेच ओळखीचं. जावामध्ये 'अ'चा 'ओ' होतो. सुकार्नो म्हणजे सु-कर्ण. लहानपणी मुलगा सारखा आजारी पडतो म्हणून महाभारतवेड्या वडिलांनी आधीचं नाव बदलून हे ठेवलं. कर्ण थोर, पण तो चुकीच्या बाजूने लढला. म्हणून आपला मुलगा 'चांगला कर्ण' व्हावा, असा विचार त्यामागे होता.

मला हे वाचताना राहून राहून वाटत होतं की नावाने माणसाची पाठ सोडली नाही. डचांनी सुकार्नोंना तुरुंगात टाकलं, हद्दपार केलं. जपान्यांनी त्यांना परत आणलं आणि त्यांच्या वक्तृत्वाचा वापर करून घेतला. सुकार्नोंनीही जपान्यांचे लाऊडस्पीकर आपल्या कामाला लावले. गावोगाव सभा घेतल्या, राष्ट्र हा शब्द लोकांच्या कानावर घातला. पण त्याच तोंडाने त्यांनी लोकांना रोमुशाच्या कामावर जायलाही सांगितलं. पुढे आत्मचरित्रात त्यांनी याची जबाबदारी नाकारली नाही. यावर तिकडे अजून वाद चालतात. माझं स्वतःचं मत असं की हिशोबाच्या वहीतली ती ५२ हजारांची ओळ कुठल्याही भाषणाने खोडता येत नाही. त्यांच्यासोबतचे मोहम्मद हट्टा हॉलंडमध्ये अर्थशास्त्र शिकलेले, मितभाषी गृहस्थ. तेही जपान्यांशी जुळवून घेऊन होते. तिसरे सुतान शाहरीर. त्यांनी मात्र जपान्यांपासून लांब राहून चोरून रेडिओ ऐकण्याचं काम पत्करलं. जपान्यांनी घराघरातले रेडिओ सील केले होते, फक्त त्यांचीच केंद्रं लागायची.

जपानी राजवटीचे नकळत झालेले फायदेही होते, ते सांगायला हवेत. डच भाषा बंद झाली, तिच्या जागी शाळा-कचेऱ्यांत इंडोनेशियन आली. शिवाय १९४३ मध्ये 'पेटा' नावाचं स्थानिक सैन्य उभं राहिलं आणि हजारो तरुणांच्या हातात बंदूक आली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्लितार गावच्या पेटाच्या तुकडीने जपान्यांवरच ती उगारली. ते बंड मोडलं, पण व्हायचा तो परिणाम झालाच.

जपान हरू लागला तशी त्याला उदारता सुचली. सप्टेंबर १९४४ मध्ये पंतप्रधान कोइसो यांनी 'पुढे कधीतरी' स्वातंत्र्य देऊ असं जाहीर केलं. १९४५ मध्ये तयारीच्या समित्या नेमल्या. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, हिरोशिमा-नागासाकी होऊन गेल्यावर, सुकार्नो आणि हट्टा यांना विमानाने व्हिएतनाममधल्या दालातला नेण्यात आलं. तिथे फील्ड मार्शल तेराउची यांनी त्यांना सांगितलं की स्वातंत्र्य देतो, समितीमार्फत रीतसर घ्या. १४ तारखेला दोघे जकार्ताला परतले. १५ ला सम्राटाने शरणागती जाहीर केली.

म्हणजे आता स्वातंत्र्य द्यायचं कबूल करणाराच दिवाळखोर झाला! शिवाय दोस्तांनी जपान्यांना बजावलं की आम्ही येईपर्यंत सगळं जसंच्या तसं ठेवा. त्या मुलाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हेच. जपान हरल्यामुळे इंडोनेशिया आपोआप स्वतंत्र झाला नाही. उलट कागदोपत्री तो पुन्हा डचांचा झाला.

आता होस्टेल. जकार्तातल्या मेंतेंग भागात ३१ नंबरची एक इमारत होती, पूर्वीचं हॉटेल. १९४२ मध्ये जपान्यांच्या प्रचारखात्याच्या आश्रयाने तिथे तरुणांचं वसतिगृह सुरू झालं. राजकारणाचे वर्ग चालायचे आणि शिकवायला कोण? सुकार्नो आणि हट्टा! चैरुल सालेह, सुकार्नी, विकाना ही मंडळी या गोतावळ्यातली. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, म्हणजे तुमच्यापेक्षा जरा थोराड. शाहरीरकडून शरणागतीची बातमी यांना लगेच कळली. १५ च्या रात्री विकाना आणि काही जण सुकार्नोंच्या घरी जाऊन थडकले. आत्ताच्या आत्ता घोषणा करा, नाहीतर रक्त सांडेल. सुकार्नो भडकले. ही माझी मान, कापा आत्ताच, अशा अर्थाचं काहीतरी बोलले. पोरं वरमली, पण गेली नाहीत.

या भांडणात कोण बरोबर होतं? वडीलधाऱ्यांचं म्हणणं असं की जपानी सैन्य हरलं असलं तरी त्याच्या बंदुका जागच्या जागी आहेत. समितीची बैठक ठरलेली आहे. उगीच माणसं मारून घेऊ नका. पोरांचं म्हणणं असं की ही समितीच जपान्यांनी नेमलेली आहे. तिने जाहीर केलेलं स्वातंत्र्य म्हणजे जपानने दिलेला आहेर, आणि उद्या दोस्त राष्ट्रं तो आहेर उचलून कचऱ्यात टाकतील. मी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा वाचल्या. मला दोघांचंही पटतं. पण वेळेचं गणित पोरांना जास्त कळलं होतं. एक मालक पडलाय, दुसरा अजून पोचायचाय, मधे मोजके दिवस आहेत. (परीक्षेच्या बाबतीतही तुम्हाला हे गणित कळावं अशी रेक्टरची प्रार्थना.)

१६ तारखेला पहाटे पोरांनी आपल्या दोन्ही गुरुजींना उचललं. चक्क पळवून नेलं. सोबत सुकार्नोंची पत्नी फातमावती आणि नऊ महिन्यांचं बाळही होतं. जकार्ताच्या पूर्वेला रेंगासदेंगक्लोक नावाचं गाव आहे, तिथे पेटाची छावणी होती. एका चिनी शेतकऱ्याच्या घरात त्यांना दिवसभर ठेवलं. शेवटी सुबार्जो नावाचे एक ज्येष्ठ पुढारी आले, उद्या घोषणा होईल याची हमी दिली आणि रात्री सगळे जकार्ताला परतले.

लिहायला बसायचं कुठे? जपानी लष्कराच्या अधिकाऱ्याने परवानगी नाकारली. तेव्हा जपानी आरमाराचे रिअर अ‍ॅडमिरल माएदा यांनी स्वतःचं घर दिलं. लष्कराचे लोक आरमाराच्या अधिकाऱ्याच्या घरात सहसा घुसणार नाहीत, हा त्यातला हिशोब. १७ च्या पहाटे तिथे सुकार्नोंनी स्वतःच्या हाताने मसुदा लिहिला, हट्टा आणि सुबार्जो शेजारी बसून शब्द सुचवत होते. रमजानचा महिना होता, त्यामुळे काहींची सहरीही तिथेच झाली. मसुदा फक्त दोन वाक्यांचा. पहिल्यात स्वातंत्र्य जाहीर केलं, दुसऱ्यात सत्तांतराच्या गोष्टी काळजीपूर्वक आणि लवकरात लवकर केल्या जातील असं म्हटलं. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टची प्रस्तावनासुद्धा याच्या वीसपट असते.

सह्या कोणी करायच्या यावर पुन्हा गाडी अडली. सुकार्नी म्हणाले, समितीच्या सगळ्यांच्या सह्या नकोत, फक्त सुकार्नो आणि हट्टा यांच्या, राष्ट्राच्या वतीने. ते मान्य झालं. मग सायुती मेलिक यांनी मसुदा टाइप केला. घरातल्या टाइपरायटरवर जपानी अक्षरं होती, म्हणून जर्मन आरमाराच्या कचेरीतून एक मागून आणावा लागला. हाताने लिहिलेला मूळ कागद चुरगळून टाकला गेला होता. बी. एम. दिया नावाच्या पत्रकाराने तो उचलून खिशात घातला आणि सांभाळला. १९९२ मध्ये तो सरकारजमा झाला.

या कागदावरची एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. तारखेच्या पुढे वर्ष लिहिलंय '०५'. १९४५ नाही, ४५ नाही. जपानी राजवटीत जपानी सम्राटांचा शक चालायचा, त्यानुसार ते वर्ष २६०५. जपान्यांपासून मोकळे झालो असं सांगणाऱ्या कागदावर वर्ष मात्र जपान्यांचं! तीन वर्षांच्या सवयीने हात तसा वळला, एवढंच. राज्य एका दिवसात जातं, कॅलेंडर जायला वेळ लागतो.

सकाळी दहा वाजता पेगांगसान तिमूर रस्त्यावरच्या ५६ नंबरच्या घरासमोर सुकार्नोंनी तो कागद वाचला. अंगात मलेरियाचा ताप होता. झेंडा फातमावतींनी घरी शिवलेला, काठी बांबूची. फ्रान्स मेंदुर या छायाचित्रकाराने निगेटिव्ह झाडाखाली पुरून ठेवल्या, म्हणून आज आपल्याला त्या सकाळचे फोटो दिसतात. त्याच्या भावाचे फोटो जपान्यांनी जप्त केले होते. सुकार्नोंच्या आवाजातलं जे घोषणावाचन आज ऐकायला मिळतं ते मात्र १७ ऑगस्टचं नाही. त्या दिवशी ध्वनिमुद्रण झालंच नव्हतं. ते १९५१ मध्ये रेडिओच्या स्टुडिओत पुन्हा वाचून घेतलं.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी आता जरा पुढे सरकून बसावं. घोषणा झाली, पण सात कोटी लोकांना आणि जगाला कळणार कशी? जपानी वृत्तसंस्थेत काम करणाऱ्या इंडोनेशियन लोकांनी ती तारेवर सोडली. जपान्यांनी चिडून 'बातमी चुकीची होती' असा खुलासा पाठवायला लावला. जकार्ता रेडिओवर पहारा होता. तिथे युसुफ रोनोदिपुरो नावाचा तरुण होता. एक सहकारी भिंतीवरून उडी मारून त्याच्याकडे कागद घेऊन आला. परदेशी प्रक्षेपणाचा स्टुडिओ बंद होता, त्यामुळे तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. युसुफ आणि मित्रांनी त्याची जोडणी केली, आणि संध्याकाळी सात वाजता नेहमीच्या स्टुडिओत नेहमीचा कार्यक्रम चालू असताना, बंद स्टुडिओतून घोषणा हवेत गेली. नंतर जपानी लष्करी पोलिसांनी त्याला बेदम मारलं. तो वाचला, आणि १९५१ चं ते ध्वनिमुद्रणही सुकार्नोंच्या मागे लागून यानेच करून घेतलं.

पुढचे काही आठवडे हेच चाललं होतं. २७ सप्टेंबरला बांडुंगच्या तरुण कर्मचाऱ्यांनी टपाल-तार-टेलिफोनचं मुख्यालय ताब्यात घेतलं, दुसऱ्या दिवशी रेल्वेचं. २७ ऑक्टोबरला वीज आणि गॅसचं सरकारी खातं स्थापन झालं, तेव्हा त्यांच्याकडे एकूण निर्मितीक्षमता होती १५७.५ मेगावॉट. आपल्या कोराडीचा एक नवा संच एकटा ६६० चा आहे. एवढ्या विजेवर त्यांनी देश सुरू केला. माझ्या मते खरं सत्तांतर हे होतं; झेंडा लागला १७ ऑगस्टला, पण स्विच हातात आले या दिवसांत.

आता घरचं कारण. आमच्या आजीचे एक काका मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. लढाई संपली तरी ते घरी आले नाहीत, वर्षभर उशिरा आले. कुठे होतात असं विचारलं की म्हणायचे, "जाव्याला." आणि 'सुरबाया' असा एक शब्द त्यांच्या तोंडी असायचा. आम्हा मुलांना वाटायचं ते एखाद्या बाईचं नाव असावं. पुस्तकात सुराबाया हे शहराचं नाव दिसलं तेव्हा मी थबकलोच.

झालं असं की जपान्यांना निःशस्त्र करायला आणि कैदी सोडवायला ब्रिटिश फौज आली. ब्रिटिश म्हणजे अधिकारी. शिपाई बहुतेक आपले. २५ ऑक्टोबर १९४५ ला सुराबायात ४९ वी हिंदी ब्रिगेड उतरली. त्यात ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या ४ थ्या आणि ६ व्या पलटणी होत्या, आणि एक राजपुताना रायफल्सची. शहरातल्या तरुणांनी तोवर जपान्यांची शस्त्रं हस्तगत केली होती. त्याआधी, १९ सप्टेंबरला, यामातो हॉटेलवर डचांनी आपला लाल-पांढरा-निळा झेंडा लावला, तेव्हा पोरांनी वर चढून खालची निळी पट्टी फाडली. उरला लाल-पांढरा, म्हणजे इंडोनेशियाचा! अशा शहरावर २७ ऑक्टोबरला विमानातून पत्रकं पडली : ४८ तासांत शस्त्रं जमा करा. २८ ला शहर उठलं. विखुरलेल्या चौक्यांवर जमाव तुटून पडला आणि ब्रिगेडची फार मोठी हानी झाली. सुकार्नोंना विमानाने आणून तह केला गेला. ३० तारखेला संध्याकाळी 'लाल पुला'जवळ, इंटरनाशिओ नावाच्या इमारतीसमोर पुन्हा गोळीबार झाला आणि ब्रिगेडिअर मॅलबी मोटारीत मारले गेले. गोळी कोणाची, यावर अजून एकमत नाही. त्या इमारतीत अडकलेली तुकडी होती ६ व्या मराठा पलटणीची.

१० नोव्हेंबरला ५ व्या हिंदी डिव्हिजनने सूड घ्यावा तसा हल्ला केला. समुद्रातून तोफा, वरून विमानं. शहर पूर्ण ताब्यात यायला तीन आठवडे लागले. हजारो इंडोनेशियन मेले. 'बुंग तोमो' नावाचा पंचविशीचा तरुण रेडिओवरून लोकांना चेतवत होता. १० नोव्हेंबर हा तिथे आजही वीरदिन म्हणून पाळतात. ते वीर ज्यांच्याशी लढले त्यांत सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडचे आपले लोक होते. काही हिंदी शिपाई बंदुकीसह इंडोनेशियनांना जाऊन मिळालेही. नेहरूंनी हिंदी फौज वापरण्याचा जाहीर निषेध केला. पण शिपायाला कोण विचारतो? आजीचे काका एवढंच सांगायचे म्हणे, "तितल्या पोरांकडं बांबूचे भाले हुते. टोक जाळून कडक केल्याले."

पुढचं थोडक्यात. डच परत आले, १९४७ आणि १९४८ मध्ये मोठे हल्ले केले. १९४६ मध्ये आपल्याकडे धान्याचा तुटवडा होता तेव्हा पंतप्रधान झालेल्या शाहरीरनी भारताला ५ लाख टन तांदूळ देऊ केला, बदल्यात कापड आणि शेतीची अवजारं मागितली. ज्यांनी गोणपाट नेसलं होतं त्यांना कापडाची किंमत माहीत होती. जुलै १९४७ मध्ये बिजू पटनाईकांनी स्वतः डाकोटा विमान नेऊन शाहरीरना डचांच्या वेढ्यातून बाहेर काढलं. जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी दिल्लीत इंडोनेशियासाठी परिषद भरवली. २७ डिसेंबर १९४९ ला डचांनी सार्वभौमत्व सोडलं, पण जाताना सुमारे ४३० कोटी गिल्डरचं कर्ज नव्या देशाच्या गळ्यात बांधून! आपल्याशी लढण्याचा खर्च आपल्याकडूनच वसूल करताहेत, अशी इंडोनेशियनांची तक्रार होती, आणि ती रास्त होती. महिन्याभराने, २६ जानेवारी १९५० ला, आपल्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला पाहुणे होते सुकार्नो.

डच मात्र पुढे कित्येक वर्षं इंडोनेशियाची स्वातंत्र्यतारीख २७ डिसेंबर १९४९ धरत राहिले. कारण १७ ऑगस्ट मान्य केली तर मधली चार वर्षं त्यांनी स्वतःच्या वसाहतीत बंदोबस्त केला नव्हता, तर दुसऱ्याच्या देशावर चढाई केली होती, असं होतं. २००५ मध्ये त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी १७ ऑगस्ट 'राजकीय आणि नैतिक' अर्थाने स्वीकारली. पंतप्रधानांनी ती पूर्णपणे मान्य असल्याचं संसदेत सांगायला २०२३ साल उजाडलं. म्हणजे होस्टेलच्या पोरांना जी दोन दिवसांची घाई होती, तिच्यावर शिक्का बसायला अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली.

परवा त्या मुलाला मेसमध्ये गाठून मी हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, म्हणजे तुमच्या आजीचे काका त्या पोरांवर गोळ्या झाडत होते."

मी म्हटलं, हो. आणि ती पोरं त्यांच्यावर.